गाईच्या कानांची देवी आणि आमच्या काकू

थांबा थांबा, बाकी सगळं राहू दे. हे आधी सांगते, नाहीतर आज माझ्याकडून दुसरं काही होणार नाही.

आत्ता सकाळी न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर ढोकळ्याच्या लाईनमध्ये उभी होते. फोन वाजला. बघते तर काकूंचा मेसेज. लोकांच्या काकू सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात. आमच्या काकू हजारो वर्षं जुन्या इजिप्तमधल्या एका देवीचा फोटो पाठवतात. चेहरा बाईचा, कान गाईचे. आणि खाली लिहिलेलं: "आज हिचे कान बघ. खूश दिसतेय."

अहो, दगड आहे तो! दगडाचे कान रोज सारखेच असणार ना! मी भर लाईनमध्ये एवढ्या जोरात हसले की पुढच्या मावशी वळून बघायला लागल्या. ढोकळा घेतला, गाडीत येऊन बसले आणि तिथूनच टाइप करतेय. चुका असतील तर सोडून द्या.

काकू म्हणजे पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आमच्या घरमालकीणबाई. मास्टर्स करताना मी आणि सायली त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी खाली जॉर्जियात, अल्फारेटाला. तिला आम्ही ताई म्हणायचो. काकू मूळच्या परभणीकडच्या, जनावरांच्या डॉक्टर. लग्न करून इकडे आल्या, सगळ्या परीक्षा परत दिल्या आणि रिटायर होईपर्यंत पेनसिल्व्हेनियातल्या डेअरी फार्म्सवर गाईंची बाळंतपणं केली. कपाळावर टिकली, अंगात फ्लीसचं जॅकेट, पायात गमबूट आणि खाली खटारा पिकअप ट्रक. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ह्या घर भाड्याने देणार आहेत की म्हैस विकणार आहेत.

खोली बघायला गेले तर म्हणाल्या, "केस मागे घे."

"का काकू?"

"कान बघू दे. माणसाचा चेहरा खोटं बोलतो, कान नाही बोलत."

मी घेतले बाबा केस मागे. त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितलं, जसं बाजारात बघतात ना तसं, आणि म्हणाल्या, "घाबरट आहेस, पण लाथ मारणारी नाहीस. ये राहायला."

त्यांची आणखी एक सवय. कोणाच्याही मागून जाताना त्या तोंडाने टक्‌टक्‌ असा आवाज करायच्या. मी ओट्याशी मॅगी करतेय, मागून टक्‌टक्‌. सायली फ्रिजमध्ये डोकं घालून उभी, मागून टक्‌टक्‌. गाईच्या मागून न बोलता गेलं तर ती दचकते आणि मग आपली खैर नसते, म्हणून डॉक्टर आधी आवाज देतात. आम्ही म्हटलं, काकू, आम्ही गाई नाही. त्या म्हणाल्या, "हे गाईसुद्धा म्हणतात."

आता ही इजिप्तची देवी मधेच कुठून आली? तर युनिव्हर्सिटीजवळ एक छोटं म्युझियम होतं. खूप वर्षांपूर्वी काका-काकू बर्फ थांबेपर्यंत टाइमपास म्हणून तिथे शिरले. इजिप्तची एकच खोली. तिथे दगडी खांबाचा तुकडा, त्यावर हॅथोर नावाची देवी. काकू सांगायच्या, "मी बघितलं आणि म्हटलं, अगंबाई, हिला तर मी ओळखते! एवढा सगळा चेहरा बाईचा केला, पण कान तेवढे गाईचे ठेवले. का ठेवले सांग? तिला लोकांचं ऐकायचं होतं. गाईएवढं कोण ऐकतं?"

झालं. मग वाचन, व्हिडिओ, ऑनलाइन कोर्स, सगळं सुरू. जेवायला बसलं की पोळीबरोबर हॅथोर. ती कधी पूर्ण गाय असते, कधी डोक्यावर शिंगं आणि मधे सूर्याची चकती असलेली बाई. कधी झाडात राहते आणि मेलेल्या लोकांना फांदीतून हात काढून पाणी पाजते. कधी नागीण. आणि कधी चक्क सिंहीण, तेव्हा तिला सेखमेत म्हणतात.

सायली पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "काकू, म्हणजे पाच देवी?"

"एकच."

"मग गाय आणि सिंहीण एकच कशी असेल यार? एक गवत खाते, एक गवत खाणाऱ्यांना खाते."

"भात घे," काकू म्हणाल्या. ह्या प्रश्नावर त्यांचं हे एवढंच उत्तर असायचं.

पण सिंहिणीची गोष्ट मात्र त्या मस्त सांगायच्या. रा म्हणजे सूर्यदेव माणसांवर चिडला आणि त्याने हिला पाठवलं, जा, ह्यांना धडा शिकव. ही गेली ती थांबेचना. एवढी माणसं मारली की राच घाबरला. मग त्याने काय केलं, ढीगभर बिअर गाळायला लावली, तिला लाल रंग दिला आणि शेतांमध्ये ओतून ठेवली. हिला वाटलं रक्त आहे. प्यायली, टाईट झाली, झोपली, आणि उठली तेव्हा राग गायब. पुन्हा आपली प्रेमळ देवी.

आता ही गोष्ट ऐकून आपण म्हणतो, वा, इंटरेस्टिंग. काकूंनी ती घरात लागू केली! सकाळी जिन्यावरून उतरलं की प्रश्न, "आज कोण आहेस? गाय की सिंहीण?" परीक्षेच्या दिवसांत सिंहीणच असायचो. मग समोर बिटाचा रस घातलेलं ताक यायचं, लालभडक, वर जिरेपूड.

"पी. रा-ने हेच केलं होतं."

"काकू, त्याने बिअर दिली होती."

"तुझ्या आईला फोन लावून विचारू का बिअरचं?"

प्यायचो गपचूप. आणि खोटं नाही सांगत, राग जायचा. त्या ताकाने जायचा की ते आणून देणाऱ्या चेहऱ्याकडे बघून जायचा, माहीत नाही.

आता मेन गोष्ट. काकूंना त्या म्युझियममध्ये गाईड व्हायचं होतं. व्हॉलंटियर, फुकट काम, पण त्यासाठी ट्रेनिंग आणि शेवटी परीक्षा. म्युझियमची कोऑर्डिनेटर मागे उभी राहून तुमची टूर ऐकते आणि पास-नापास करते. काकू आधी दोनदा नापास झाल्या होत्या! पहिल्यांदा त्यांनी एका पाहुण्या बाईला केस मागे घ्यायला लावले. दुसऱ्यांदा त्या तिथल्या ब्राँझच्या छोट्या गाईसमोर थांबल्या आणि तिची कास कशी चुकीची आहे ह्यावरच सगळा वेळ बोलल्या. "ह्या कारागिराने जन्मात कधी धार काढलेली नाही," असं त्यांनी ऑफिशियल टूरमध्ये सांगितलं. इंग्लिशमध्ये.

आणि हे फक्त हौसेचं नव्हतं, हं. ताई खूप दिवस मागे लागली होती की घर विक आणि अल्फारेटाला ये. काकूंना ते घर, तो ट्रक, ती इजिप्तची खोली सोडायची नव्हती. शेवटी मायलेकींचं ठरलं. गाईडचं काम मिळालं तर काकू राहणार, कारण मग रोज कुठेतरी जाणं होईल, लोक भेटतील, ताईला काळजी नाही. नाही मिळालं तर घर विकून जॉर्जिया. काकूंनी शब्द दिला होता. आणि कोऑर्डिनेटरने स्पष्ट सांगितलं होतं की तिसऱ्यांदा नापास तर बास. वर एक अट: स्क्रिप्ट सोडायचं नाही, आणि तुमच्या स्वतःच्या गाईंबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

मग काय, प्रॅक्टिस! आमचं अख्खं घर म्युझियम. फ्रिज म्हणजे गाय, स्टँडचा दिवा म्हणजे झाडातली देवी, वॉशिंग मशीन म्हणजे सेखमेत कारण ती स्पिनला लागली की गुरगुरायची. टूर दारापासून सुरू व्हायची. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "वेलकम! प्लीज कम इन!" आम्ही डिपार्टमेंटमधली चार टाळकी पकडून आणायचो, सगळे बूट काढून आत यायचे आणि काकू पाठ केलेलं म्हणून दाखवायच्या. मधेच गाडी घसरली की सायली ओरडायची, "गाय! काकू, गाय आली!" की काकू जीभ चावून परत रुळावर. रोज संध्याकाळी हेच. मला थीसिसपेक्षा ते स्क्रिप्ट जास्त पाठ झालं होतं.

परीक्षेचा दिवस. बाहेर अर्धवट वितळलेला बर्फ, सगळ्यांचे बूट चिखलाने भरलेले. ग्रुपला माणसं हवीत म्हणून आमची तीच टाळकी हजर. शिवाय बाहेरचं पब्लिक: एक अमेरिकन कुटुंब आणि बेसबॉल कॅप घातलेले एक उंच आजोबा, ज्यांना बहुतेक बायकोने दुकानात जाताना तिथे सोडलं होतं. मागे कोऑर्डिनेटर, हातात क्लिपबोर्ड, चेहरा कोरा.

काकू इजिप्तच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. काठाची साडी, वर तेच फ्लीस. हसल्या आणि म्हणाल्या, "वेलकम! प्लीज कम इन!"

आणि आम्ही सगळे खाली वाकलो आणि बूट काढले.

शपथ सांगते, कोणीही ठरवलं नव्हतं! रोजची सवय! ते वाक्य ऐकलं की हात आपोआप लेसकडे. माझा एक पाय मोज्यात त्या गार फरशीवर टेकला तेव्हा मला कळलं की हे घर नाहीये. वर बघते तर काकूंनी पण काढलेत! त्या अमेरिकन कुटुंबाला वाटलं इथला नियमच असेल. त्यांनी काढले, मुलांचे काढले. आजोबा बिचारे भिंतीला टेकून आपल्या मोठ्या बुटांशी झटापट करायला लागले. म्युझियमच्या दारात बुटांचा हा एवढा ढीग, त्यातून पाण्याचे ओघळ. सिक्युरिटी गार्ड आला, ढिगाकडे बघितलं, आमच्या मोज्यांकडे बघितलं, परत गेला आणि ओल्या फरशीची पिवळी पाटी आणून ढिगाशेजारी उभी केली. 

कोऑर्डिनेटर म्हणाली, "डॉक्टर, हे काय चाललंय?"

काकूंनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग तिच्याकडे. आणि एकदम शांतपणे म्हणाल्या, "माझी चूक. पण आता ह्यांना परत घालायला लावलं तर टूर उद्या संपेल. सुरू करू?"

कोऑर्डिनेटरने क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. सायली माझ्या कानात म्हणाली, "गेलं, यार. जॉर्जिया."

पण काकूंनी टूर काय केली! एक शब्द इकडचा तिकडे नाही. खांबावरचा चेहरा, झाडातली देवी, सेखमेतची निळी छोटी मूर्ती, सगळं स्क्रिप्टप्रमाणे. ब्राँझच्या गाईजवळ आल्या तेव्हा मी श्वास रोखून धरला. त्यांची नजर कासेकडे गेली, मी बघितलं ना, गेलीच! पण गप्प राहिल्या आणि पुढे सरकल्या. सायलीने माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

संपत आलं होतं. आणि मोज्यातले आजोबा म्हणाले, "मॅडम, एक विचारू? ही गाय, तो सिंह, झाड, सगळी एकच देवी म्हणताय. मग ह्यातली खरी कोणती?"

ह्याचं उत्तर स्क्रिप्टमध्ये होतं. मला पाठ होतं! काकू पण सुरू झाल्या, "प्राचीन इजिप्शियन लोक असं मानत की एक देवता अनेक रूपांत..." आजोबांनी मान हलवली. सभ्य माणूस मान हलवतो तशी, म्हणजे कळलं काहीच नाही. आणि ते दाराकडे वळले.

काकू थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, नाही! दोन मिनिटं राहिली आहेत, काकू, घर जाईल!

"सर, थांबा," काकू म्हणाल्या. "तुम्ही गाई ठेवल्या आहेत का?"

आजोबा वळले. "आयुष्यभर."

"वाटलंच. हात बघितले तुमचे."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी आम्हालाही कधी सांगितली नव्हती. त्या नवीन डॉक्टर होत्या तेव्हाची. एका फार्मवर एक गाय होती, इतकी गरीब की मालकाची पोरं तिच्या अंगावर लोळायची. सकाळी काकूंनी तिला तपासलं तर तिने हात चाटला. दुपारी ती व्यायली. काकू वासरू बघायला घाईघाईने गोठ्यात शिरल्या, आवाज न देता, मागून. पुढच्या क्षणी त्या भिंतीला चिकटलेल्या होत्या आणि गाईचं डोकं त्यांच्या छातीवर. बरगडी मोडली. "मी तिचे डोळे बघितले," काकू म्हणाल्या. "ती गाय नव्हती. मला विचाराल तर ही होती," आणि त्यांनी सेखमेतकडे बोट दाखवलं. "मालकाने मला बाहेर ओढलं. मी मागे वळून बघितलं तर ती वासराला चाटत होती. परत ही." आणि खांबावरच्या चेहऱ्याकडे बोट. "मग सांगा सर, खरी कोणती?"

आजोबांनी टोपी काढली. खरंच काढली. म्हणाले, "माझे पुढचे दोन दात अशाच एकीने पाडले. नंतर बारा वर्षं तिचंच दूध प्यायलो." आणि ते परत आत आले आणि एकेका मूर्तीसमोर उभे राहून नीट बघायला लागले. पहिल्यापासून.

 आणि मागून कोऑर्डिनेटरचा आवाज, "त्या गाईचं पुढे काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "चांगली म्हातारी होऊन गेली. मी मात्र तेव्हापासून आवाज देऊन जाते."

कोऑर्डिनेटरने क्लिपबोर्डकडे बघितलं. मग म्हणाली, "बूट परत कधीच नाही. पण ही गाय टूरमध्ये ठेवा."

मी किंचाळले. म्युझियममध्ये. गार्डने बोट ओठावर ठेवलं, तरी सायली नाचत होती, मोज्यात, घसरत.

ट्रकमध्ये बसल्या बसल्या काकूंनी ताईला फोन लावला, स्पीकरवर. आम्ही दोघी शेजारी कोंबलेल्या, ओरडायला तयार.

"आई? सो?"

"पास!"

आम्ही ओरडलो.  मग ताई म्हणाली, "दॅट्स ग्रेट, आई. रिअली."

"आवाज असा का येतोय?"

"नथिंग."

"अगं सांग."

"मी रूम पेंट करून घेतली होती. तुझी. इट्स फाइन, इट्स जस्ट पेंट."

 इतके दिवस आम्ही ताई म्हणजे समोरची टीम धरून चाललो होतो ना. घर विकायला लावणारी. आणि ती तिकडे भिंती रंगवून बसलेली.

काकूंनी ट्रकची किल्ली फिरवली नाही. म्हणाल्या, "कुठला रंग दिलास?"

"यलो."

"मला पिवळा आवडतो असं कोण म्हणालं तुला?"

"तुझा रेनकोट यलो होता. मी खिडकीत उभी राहायचे, आणि तू फार्मवरून येताना तेवढाच दिसायचा."

काकूंनी चष्मा काढून फ्लीसला पुसला. खूप वेळ पुसला. मग एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "हे बघ, जानेवारी-फेब्रुवारीत इथे म्युझियमला कुत्रं येत नाही. त्यांना सांगते सुट्टी द्या. ते दोन महिने मी तुझ्याकडे."

"तू बोअर होशील आई. अल्फारेटामध्ये एकही गाय नाही."

"तू आहेस ना."

"आई!!" ताई ओरडली, आणि मग ती हसत सुटली, काकू हसत सुटल्या, आणि आमच्या दोघींची मात्र मधे बसून रडून वाट लागलेली.

आता मला सांगा, तुमचं झालंय का कधी असं? म्हणजे एखाद्याने जिंकावं म्हणून जीव तोडून ओरडलात, तो जिंकला, आणि मग कळलं की तो हरावा म्हणून बसलेलं माणूसही त्याच्यावर तेवढंच प्रेम करत होतं? लिहा ना खाली, प्लीज. ढोकळा गार होईतोवर वाचत बसते.